नवं रीळ नदीवर नेण्याआधी

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये दिवसाची कामं उरकल्यावर, रात्री आठनंतर बसून आम्ही तिघांनी मासेमारीचं एक स्पिनिंग रीळ उभं केलंय. बाजारातल्या साध्या रिळापेक्षा त्यात नवं दोनच ठिकाणी आहे. ड्रॅगच्या (मासा ओढायला लागला की दोरी अडवत अडवत सोडणारा ब्रेक) चकत्या स्पूलच्या, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकाच्या, डोक्यात न ठेवता खाली बुडाशी, मोठ्या व्यासाच्या बसवल्यात. आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, ज्या रोलरवरून वळतं त्या रोलरला बुशऐवजी सीलचं बेअरिंग घातलंय. दसरा झाला, पंचगंगा निवळायला लागली, बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, लागायला लागले. आता जो तो म्हणतोय, चला की नदीवर. मी आधी ही यादी लिहायला बसलोय, कारण नदी ही या कामातली शेवटची पायरी आहे. काठावर उभं असताना काहीतरी बिघडलं एवढं कळतं, का बिघडलं ते कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचं पहिलं रीळ असंच घाईनं नेलं होतं. स्पूलच्या ओठावर नखाला लागेल न लागेल एवढी बर, म्हणजे धातूची बारीक धार, राहिली होती. फेकताना तंगूस तिथं खरवडलं गेलं, मोठा रोहू लागला आणि ताण येताच ते तुटलं. तो मासा तोंडात गळ आणि मागं वीसेक हात तंगूस घेऊन गेला. नुसत्या गळानं मासा एखाद वेळी वाचतो, पण तंगूस ओढत फिरणारा मासा कुठल्या ना कुठल्या मुळीत अडकतो. चूक आमची होती आणि भोगलं त्यानं. पुढचं सगळं त्या दिवसावरून लिहिलंय.

म्हणून पहिलं काम बर शोधायचं. बोट फिरवून भागत नाही, टर्नरची बोटं राठ झालेली असतात. घरातल्या जुन्या नायलॉनच्या साडीचा हातभर तुकडा घ्या आणि स्पूलच्या ओठावरून, बेलच्या, म्हणजे तंगूस स्पूलवर गुंडाळणाऱ्या कमानीच्या, तारेवरून, रोलरच्या दोन्ही कडांवरून हलक्या हातानं ओढा. जिथं एक धागा जरी अडकला तिथं मार्करनं ठिपका द्या. मग बारीक पॉलिश पेपर, पुन्हा साडी. ओठाला एवढं महत्त्व का, हे यंत्रमागांच्या इचलकरंजीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. मागावर धोट्यातली कांडी फिरत नाही, सूत तिच्या टोकावरून वेटोळ्यावेटोळ्यानं सुटत जातं. स्पिनिंग रीळ त्याच तत्त्वावर चालतं. १९०५ साली त्याचं पेटंट घेणारा इलिंगवर्थ हा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा कापड गिरणीवालाच होता. फेकताना स्पूल स्थिर असतं आणि प्रत्येक वेटोळं ओठाला घासून बाहेर पडतं. त्या एका कडेवर सगळी फेक अवलंबून आहे.

त्यानंतर स्पूल भरायचं. ओठाच्या दोन मिलिमीटर खालपर्यंत, त्याच्या वर नाही. जास्त भरलं की वेटोळी एकदम सुटून गुंता होतो, कमी भरलं की फेक आखडते. भरताना तंगूस ओल्या फडक्यातून ताणात जाऊ द्या. भरून झालं की स्पूल डोळ्यासमोर आडवं धरा. तंगूस ओठाकडे ढीग करून बसलं असेल तर स्पूलच्या खाली आणखी एक शिम, म्हणजे पातळ वॉशर, घाला, बुडाकडे बसलं असेल तर एक काढा. ही शिम डबीत तीन-चार तरी हवीत. नदीवर दुकान नसतं.

व्हर्नियरनं भरलेल्या स्पूलचा व्यास मोजून वहीत लिहा. आमचा ४६ मिलिमीटर आहे आणि गिअर ५.२ ला एक, हँडलच्या एका फेऱ्यात बेल ५.२ वेळा फिरते. म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ७५ सेंटीमीटर तंगूस आत यायला हवं. जमिनीवर दहा फेरे मारून टेप लावा. साडेसात मीटरपेक्षा बरंच कमी भरलं तर कुठंतरी घसरतंय. बहुतेक वेळा ड्रॅग सैल राहिलेला असतो आणि स्पूलच फिरतं. हँडल उलटं फिरू न देणाऱ्या एकमार्गी क्लचच्या बेअरिंगला ग्रीस चालत नाही, पातळ तेलाचा एक थेंब पुरतो. आमच्यातला धाकटा हौसेनं सगळीकडे ग्रीस भरतो, त्याला हे मी दोनदा सांगितलंय.

आता ड्रॅग. इथं घाई करू नये. आपण आजमावतोय ते मुळात हेच आहे. सहा किलोचं तंगूस असेल तर ड्रॅग दीड ते दोन किलोला लावायचा, म्हणजे पाव ते तिसरा हिस्सा. गाठीमुळं ताकद कमी होते, काठीच्या कड्यांत घर्षण होतं, त्याची सोय त्या उरलेल्या हिश्शात असते. मोजायला प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा चालतो. काठी हातात धरायची, कड्यांतून तंगूस काढायचं आणि साथीदारानं काटा धरून चालत जायचं. नुसतं रीळ पकडीत धरून मोजलेला आकडा नदीवर फसवतो. दोन आकडे लिहायचे: सुटताना काटा कुठवर गेला आणि सुटल्यावर कुठं स्थिरावला. सुटताना तीन आणि चालताना दोन असं आलं तर ते रीळ अजून नदीवर न्यायच्या लायकीचं नाही. मासा पहिला झटका देतो तेव्हा तुटतं ते त्या वरच्या एका किलोमुळं. दोन आकडे जितके जवळ तितकं चकत्यांचं काम बरं झालं.

मोठ्या चकतीचा एक तोटाही आहे, तो आधीच धरून चालावं. तेवढ्याच दाबात मोठ्या व्यासाची चकती जास्त अडवते, म्हणून नॉब नाजूक होतो. नॉबवर रंगाची रेघ मारून दर पाव फेऱ्याला काटा वाचा. पाव फेऱ्यात किलोभर उडी पडत असेल तर नॉबखाली मऊ स्प्रिंग हवी. मग तीस मीटर तंगूस सलग पाच वेळा ओढून काढा आणि सहाव्यांदा मोजा, कारण तापलेल्या चकत्या वेगळं वागतात. त्यानंतर स्पूल पाण्यात बुडवून ओल्यानं मोजा. आणि एक गोष्ट बरेचजण विसरतात: तंगूस बाहेर गेलं की स्पूलवरचा व्यास घटतो आणि ड्रॅग आपोआप जड होतो. ४६ चा व्यास ३८ वर आला तर दोन किलोचा ड्रॅग जवळपास २.४ होतो, नॉबला कुणी हात लावला नाही तरी. म्हणून अर्ध्या रिकाम्या स्पूलवरही एकदा काटा लावायचाच.

रोलरची तपासणी त्यामानानं सोपी. त्याच्या तोंडावर मार्करचा ठिपका द्या, हलका ताण ठेवून गुंडाळा आणि ठिपका फिरतोय का बघा. सीलमुळं बेअरिंग थोडं जड असतं. जड आमिषाला ते फिरेल, हलक्याला बसून राहील, आणि बसलेल्या रोलरवर तंगूस एकाच जागी घासून चर पाडतं. पाच ग्रॅमचं शिसं लावूनही ठिपका फिरला तरच आमची ही सुधारणा खरी. नाही फिरला तर बुश परत घालायची तयारी ठेवावी.

मग बादली. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर ज्यांनी घरातला गाळ उपसला त्यांना पंचगंगेच्या गाळाची ओळख करून द्यायला नको. वाळला की पिठासारखा, ओला की साबणासारखा, आणि बारीक एवढा की बंद कपाटातल्या वह्यांच्या पानापानांत गेला होता. काठावरून डबाभर गाळ आणा, बादलीत कालवा, रीळ त्यात बुडवून हँडलचे शंभर फेरे मारा. वर काढून पुसा आणि पांढऱ्या फडक्यावर उघडा. करडी रेघ कुठवर पोचलीय ते बघायचं: मुख्य दांड्याच्या तोंडाशी थांबलीय, आतल्या पिनियन या छोट्या गिअरपर्यंत आलीय, की ड्रॅगच्या चकत्यांत शिरलीय. फोटो काढा, मगच रॉकेलनं धुवा. ही रेघ जे सांगते ते कुठल्याही ड्रॉइंगवर दिसत नाही.

एवढं झालं की मैदान. तपोवन मैदानावर पहाटे, चालणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत जायचं. गळ अजिबात नाही, फक्त दहा ग्रॅमचं शिसं. दर पाच मीटरला खूण करायची आणि जुनं रीळ व नवं रीळ आळीपाळीनं, एकाच काठीवर, एकाच तंगुसानं, प्रत्येकी दहा फेकी. आधी दहा जुन्याच्या आणि मग दहा नव्याच्या असं करू नका, तेवढ्यात वारा फिरतो आणि हातही सैल होतो. ज्यानं रीळ बनवलं त्यानं पहिल्या फेकी टाकायच्या नाहीत, आपल्या लेकराला कुणी कमी मार्क देत नाही. आमच्या बाजूनं चिखलीचे एक मामा येणार आहेत. त्यांचा जन्म नदीवर गेलाय. ते रीळ कानाशी धरून हँडल फिरवतात आणि "हितं दात बोलतोय रं" म्हणतात, आणि उघडल्यावर तिथंच काहीतरी सापडतं. फेक चालू असताना बेल आपोआप मिटत नाही ना, हे पन्नास वेळा तरी बघायचं. मध्येच मिटली तर शिसं तुटून कुणाच्या डोळ्यात जाईल.

आता नदी. जून ते ऑगस्ट हा विषयच काढू नका. तेव्हा मासा अंडी घालायला चढणीला लागलेला असतो आणि पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या पुराच्या इशाऱ्याकडे डोळे लावून असते. आत्ताच्या दिवसांत शहराच्या वरच्या अंगाला, प्रयाग चिखलीच्या आसपास, सकाळचं संथ पाणी बरं. जिथं मच्छीमार सोसायटीचा ठेका आहे तिथं आधी विचारून घ्यायचं, ते त्यांचं पोट आहे. राधानगरीच्या अभयारण्यात जायचंच नाही. बंधाऱ्याच्या खाली मासा लागतो म्हणून बरग्यांजवळ उभं राहायचं नाही, वरून पाणी सोडलं की पायाखालची जागा जाते. शिरोळकडे कृष्णेवर कुणी गेलं तर तिथं मगरी आहेत, काठाला बसू नये. तिघांनाही लाइफ जॅकेट, घरी जागा सांगून निघायचं, डब्यात भाकरी आणि खर्डा.

गळांचा उलटा काटा घरीच पकडीनं दाबून सपाट करून ठेवा. पहिल्या दिवशी चिलापी आणि लहान मृगळ पुरे. चिलापी मूळची इथली नाही, देशात १९५२ साली आली, पण पहिल्या ताणाला बरी. मरळीच्या मागं नंतर जाऊ, आणि महाशीर लागलाच तर तंगूस लगेच ढिलं न करता शांतपणे जवळ आणून, हात ओले करून, पाण्यातच सोडायचा. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवायचं नाही, हे तिघांनी एकमेकांना बजावायचं. प्रत्येक फेऱ्याला तंगुसात पाच पीळ भरतात आणि पुढच्या फेकीला गुंता होतो, मग शिव्या नव्या रिळाला बसतात. एकानं फेकायचं, एकानं वहीत लिहायचं, तिसऱ्यानं नुसतं बघायचं. वहीत वेळ, आमिषाचं वजन, वाऱ्याची दिशा आणि "कसं वाटलं" याला वेगळा रकाना. काहीही खटकलं तर तिथं रीळ उघडायचं नाही. स्क्रू वाळूत पडतो आणि पुरावाही धुतला जातो. जुनं रीळ लावून सकाळ पुरी करायची.

परत आल्यावर नळाखाली धरायचं नाही. आधी पांढरं फडकं, ॲलन की, आणि करडी रेघ बादलीच्या दिवशी होती तिथंच आहे का ते बघायचं. फोटोशेजारी फोटो ठेवायचा. बदल करायचा तो एकच, आणि त्यासाठी पुढच्या रविवारपर्यंत लेथ मोकळा ठेवा असं मी थोरल्याला सांगून ठेवलंय.