डोंगरावरच्या घराच्या गिझरला टायमर कसा बसवावा

आम्ही साताऱ्याचे, सुट्टीचं घर महाबळेश्वरकडे. जानेवारीत वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसले की खाली सगळ्यांना फोटो काढायची घाई होते. वर मुक्कामाला असणाऱ्याला आधी आठवते ती आंघोळ. आणि 'निघताना गिझर बंद केला का?' हा प्रश्न केळघर घाट अर्धा उतरल्यावरच सुचतो. म्हणून टायमर. स्वतःच्या, भावाच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी मिळून पाच बसवून झाले, पहिला चुकला.

दुकानदार आधी सॉकेटमध्ये खोचायचा स्वस्त टायमर पुढे करतो. घेऊ नका. २००० वॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. हलका टायमर अर्धा तास तेवढं ओढून तापतो आणि प्लास्टिक पिवळं पडतं. मोबाइलवरून चालणाराही नको, पावसात वर आधी वीज जाते, मग नेट. एमसीबीशेजारी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारं बटण) पट्टीवर बसणारा, १६ अँपिअरचा, आठवड्याचे वार वेगळे लावता येणारा डिजिटल टायमर घ्या. आत बॅटरी हवीच. गोल तबकडीचा साधा टायमर वीज गेली की थांबतो, आणि दोन दिवस वीज नसली तर तुमचं सकाळचं पाणी भलत्याच वेळी तापतं. गिझर ३००० वॅटचा असेल तर मध्ये काँटॅक्टर, म्हणजे जड भार पेलणारा वेगळा स्विच, टाका.

मेन बंद, टेस्टरने खात्री, टायमर पट्टीवर. इथवर काही अवघड नाही. तारांना हात घालायची सवय नसेल तर परवानाधारक वायरमन बोलवा, पण पुढचं वाचून त्याच्या शेजारी उभे राहा. माझ्याकडे आलेला वायरमन चांगला होता, तरी चुकला.

टायमरला दोन टोकं फेज-न्यूट्रलची असतात. ती फक्त घड्याळ चालवायला. गिझरचा त्यांच्याशी संबंध नाही. उरलेली तीन म्हणजे कॉमन, एनओ आणि एनसी. बहुतेक टायमरमध्ये या तिघांत आपणहून वीज येत नाही. आत नुसता एक स्विच आहे. त्यामुळे फेजवरून कॉमनला लूप, म्हणजे तारेचा छोटा तुकडा, मारावा लागतो. तो राहिला तर घड्याळ झकास चालतं, पडद्यावर 'ऑन' दिसतं आणि पाणी थंडगार. मग लोक टायमर खराब म्हणून परत करतात.

लूप आमच्याकडे होता. गिझरची तार मात्र एनओऐवजी एनसीला गेली. एनओ म्हणजे एरवी तुटलेलं, वेळ झाली की जुळणारं. एनसी बरोबर उलट. परिणाम असा की गिझर आठवडाभर चालू आणि फक्त तापवायला लावलेल्या वेळांतच बंद! पाणी तरी गरमच यायचं, आधीचं तापलेलं, त्यामुळे दोन महिने कुणाला शंकाही आली नाही. एका गुरुवारी अचानक गेलो, तर नळाला हात लागताच चटका बसला. पाणी ठरावीक तापलं की गिझर आपोआप तोडणारा थर्मोस्टॅट होता म्हणून निभावलं. बिलाचं मात्र विचारू नका.

तेव्हापासून माझा नियम: गिझर जोडायच्या आधी त्याच्या जागी साठ वॅटचा पिवळा बल्ब लावायचा. दोन मिनिटांनी चालू, चार मिनिटांनी बंद, असा प्रोग्रॅम टाकायचा आणि स्टूल घेऊन बसायचं. वीज येताच बल्ब पेटला आणि पेटायच्या वेळी विझला, तर तार एनसीला आहे. टोकांचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे, तेव्हा 'मला माहितीये' म्हणणाऱ्यालाही टायमरच्या अंगावर छापलेलं चित्र दाखवा. न्यूट्रल आणि अर्थिंग सरळ गिझरला जातात, टायमरमधून फक्त फेज. तार अडीच एमएमची, स्क्रू घट्ट. सैल स्क्रूच सगळ्यात आधी जळतो.

वेळा लावणं सोपं. पाणी १८ अंशांचं धरलं तर २००० वॅटवर १५ लिटर ६० अंशांपर्यंत जायला साधारण २२ मिनिटं लागतात, २५ लिटरला ३७. आमचा २५ लिटरचा, म्हणून शुक्रवारी रात्री सव्वाआठ ते नऊ, शनिवार-रविवार सकाळी सहा ते पावणेसात. एखाद्या शनिवारी गेलो नाही तर सकाळचं सव्वा युनिट वाया जातं, जाऊ द्या. थर्मोस्टॅट ४५ वर आणून वीज वाचवायचा सल्ला मात्र ऐकू नका: आठवडा-आठवडा साठून राहिलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. साठच ठेवा, आंघोळीला गार पाणी मिसळा.

शेवटी बटण 'ऑटो'वर आहे ना बघा. पाहुणे 'ऑन' दाबून ठेवतात आणि मग टायमर नुसतं घड्याळ उरतं. आमच्या राखणदार मामांनाही तेवढंच सांगितलंय: दर सोमवारी पडद्यावर 'ऑटो' दिसतंय का बघून फोन करायचा.