डोक्याला एक गोळी, पोटाला दुसरी : ताणाच्या बाबतीत या चुका टाळा

एकच गिऱ्हाईक सोमवारी डोकेदुखीची गोळी नेतं, बुधवारी ॲसिडिटीची, आणि शनिवारी रात्री दुकान आवरायच्या वेळेला येऊन हळूच विचारतं, "काका, झोप लागायला काही हलकंसं मिळेल का?" इंदूरात औषधाच्या काउंटरमागे उभं राहणाऱ्याला हे रोजचंच. तक्रारी तीन, गोळ्या तीन, कारण बहुतेक वेळा एकच, आणि डॉक्टरकडे मात्र कोणी गेलेलं नसतं. ताण असा तुकड्यातुकड्यांनी येतो, म्हणून तो ओळखू येत नाही.

संकट दिसलं की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतात. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, मान, खांदे, जबडा आवळतात, पचन मागे पडतं. कुत्रं अंगावर धावून आलं तर हे सगळं कामाचंच असतं. पण कर्जाचे हप्ते थकलेत, एमपीपीएससीचा (राज्याच्या स्पर्धा परीक्षेचा) निकाल लटकलाय, घरात सासऱ्यांचं आजारपण आहे, असं महिनोन् महिने चाललं तर शरीराला मोकळं व्हायला फुरसतच मिळत नाही. मग कुणाचं पोट बिघडतं, कुणाची पाळी मागेपुढे होते, कुणी रात्री दात खातं, कुणाला सारखी सर्दी. भंवरकुआंच्या कोचिंगमधल्या मुलांचा ताण सगळ्यांना दिसतो. सुदामानगरातल्या एखाद्या काकूंची खांदेदुखी "वय झालं" म्हणून खपून जाते.

डोकेदुखीची गोळी रोजची करणं

ताणाची डोकेदुखी बहुधा दोन्ही बाजूंनी येते, कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी, आणि मानेपर्यंत उतरते. त्यावर कधीमधी पॅरासिटामॉल घेतली तर बिघडत नाही. गोची पुढे आहे. आधीच डोकेदुखीचा त्रास असलेल्यानं साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस घ्यायला सुरुवात केली आणि तीन महिन्यांच्या वर तसंच चाललं, तर गोळीच डोकेदुखी आणायला लागते. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांना महिन्यातले 10 दिवसही पुरतात. गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी.

त्यातून ती गोळी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची असेल, आणि नुसत्या चहावर घेतली, तर पोट जळणारच. मग माणूस सांगतो, "टेन्शननं अल्सर झाला." पोटातल्या अल्सरची मुख्य कारणं दोन : हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि हीच वेदनाशामकं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना या जिवाणूच्या शोधासाठीच 2005 चं नोबेल मिळालं. ताणानं जळजळ वाढते हे खरं, पण अल्सरचं खापर सरसकट त्याच्यावर फोडलं की तपासणी राहून जाते. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर आमच्याकडे येऊ नका, थेट दवाखाना गाठा.

सराफ्याहून आल्यावर पॅन्टोप्राझोल

सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की सराफ्यात खाण्याची दुकानं लागतात, आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. दिवसभराचा वैताग तिथं काढायचा ही इंदूरची जुनी रीत, आणि मी काही तिच्या विरोधात नाही. मित्रांसोबत तासभर हसणं हा ताणावर चांगलाच उतारा आहे. पण रोज रात्री तळलेला गराडू (एक कंद), वर गुलाबजाम, घरी येऊन ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल आणि लगेच आडवं, हा क्रम पूर्ण उलटा. ही गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, शक्यतो सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. जेवण पोटात गेल्यावर आम्ल तयार करणाऱ्या पेशी कामाला लागतात, त्याच वेळी औषध रक्तात हजर असावं लागतं. जेवणानंतर दोन-तीन तास तरी आडवं होऊ नये. आणि दोन आठवडे घेऊनही गोळी सुटत नसेल तर गोळ्यांचा दुसरा पत्ता मागण्याआधी डॉक्टरला विचारावं.

"काही नाही, टेन्शन आहे" किंवा "काही नाही, गॅस आहे"

या दोन वाक्यांनी जितकं नुकसान होतं तितकं ताणानंही होत नसेल. छातीत दाब, घाम, दम लागणं, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, यातलं काहीही असेल तर इनो पिऊन वाट बघू नका. 108 ला फोन करा, ईसीजी काढा. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांत छातीत न दुखताही हार्ट अटॅक येतो. नुसती मळमळ, अतोनात थकवा किंवा पाठीत दुखणं, एवढीच लक्षणं दिसतात.

याच्याइतकं तातडीचं नाही, पण हमखास राहून जाणारं दुसरं : धडधड, हात थरथरणं आणि वजन उतरणं हे थायरॉइड वाढल्यानंही होतं. थकवा, चिडचिड, हातापायांना मुंग्या हे बी-12 कमी पडल्यानं होतं, आणि शुद्ध शाकाहारी घरांत ते सर्रास कमी असतं. म्हणून ताणाचा शिक्का मारण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12 एवढं तरी डॉक्टरच्या सल्ल्यानं बघून घ्यावं.

उभ्या उभ्या बीपी

स्कूटर स्टँडला लागलेली, हेल्मेट अजून काखेत, आणि माणूस काउंटरवरून हात पुढे करतो : "जरा बीपी बघा." आकडा येतो 150. आता त्या आकड्याचंच टेन्शन! बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसावं. हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला असावा, आणि मोजताना बोलायचं नाही. घरी मशीन असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून लिहून ठेवा. घरच्या मोजमापाची सरासरी 135/85 किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टरला दाखवा. एका आकड्यावर घाबरायचं कारण नाही, आणि त्याच आकड्यावर शेजाऱ्याची बीपीची गोळी तर मुळीच सुरू करू नये.

झोपेची गोळी उसनी घेणं

झोपेसाठी मागितली जाणारी अल्प्राझोलाम 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही, आणि दिली की रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव आम्हाला वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं सांभाळावं लागतं. "ओळखीचे आहात ना काका" म्हणून भागत नाही, ते त्यासाठीच. काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागते. दारूसोबत घेतली तर श्वासावर परिणाम होऊ शकतो. आणि ज्यांची सुरू आहे त्यांनी ती एकदम बंद करणं ही त्याहून मोठी चूक : थरथर, घबराट, क्वचित फिटसुद्धा येते. डोस डॉक्टरनं हळूहळू उतरवायचा असतो.

सिगारेट आणि गुटख्याचंही तसंच. झुरका घेतल्यावर बरं वाटतं ते बहुतांशी निकोटिनची तलफ भागली म्हणून, आणि ती तलफही त्यानंच लावलेली असते. चहाबद्दल इंदूरकराला काही सांगणं कठीण. तरी कॅफिनचा अर्धा भाग उतरायला साधारण पाच तास लागतात, एवढं लक्षात ठेवून संध्याकाळी सातचा कट चहा टाळून बघा.

मग करायचं काय

एकदम सगळं करायला जाऊ नका. ताण आला म्हणून जिमची वर्षभराची फी भरणारे आणि पहाटे चारला उठून योग करणारे दोन आठवड्यांत थकतात, वर झोप कमी झालेली असते ती वेगळीच. आधी उठायची वेळ ठरवा, रविवारीही तीच. मेघदूत उपवनात असो की गल्लीत, अर्धा तास दमदार चाला, आठवड्यातले पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती 150 मिनिटं तेवढ्यात भरतात. धडधड वाढली की श्वास नाकानं घ्या आणि घेतला त्याहून सावकाश सोडा, मिनिटाला साधारण सहा श्वास, पाच मिनिटं. पिथमपूरच्या कारखान्यांत नाइट शिफ्ट करणाऱ्यांचं वेगळं : सकाळी घरी येऊन खोलीत अंधार करावा, फोन बंद ठेवावा, आणि घरच्यांनी त्या वेळात त्यांना गॅसचा नंबर लावायला उठवू नये.

दोन आठवड्यांच्या वर मन लागत नसेल, भूक-झोप उडाली असेल, कामावर जाववत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. बाणगंगेच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे लोक हसण्यावारी नेतात. एमवाय हॉस्पिटलमध्येही मनोविकारांची ओपीडी आहे, तिथं जायला कोणाची परवानगी लागत नाही. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली आहे : 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही. जगणं नको असं वाटत असेल तर वाट बघू नका, आत्ताच लावा, आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

डॉक्टरकडे जाताना घरातले गोळ्यांचे सगळे पत्ते एका पिशवीत घालून न्या : चिठ्ठीवरचे, बिनचिठ्ठीचे, भावजयीकडून आणलेले, आणि अश्वगंधाची बाटलीसुद्धा. थायरॉइडच्या किंवा झोपेच्या औषधासोबत ती चालते का, हे त्यांना विचारायचंय.