जुनी इनोव्हा घ्यावी कशी आणि सांभाळावी कशी

टोयोटा इनोव्हाची पहिली पिढी भारतात 2005 मध्ये क्वालिसच्या जागी आली आणि 2016 मध्ये तिची पुढची पिढी क्रिस्टा येईपर्यंत विकली गेली. सात-आठ माणसांचे कुटुंब सामानासकट गावी नेणारी गाडी म्हणून तिचा लौकिक इतका मोठा आहे, की जुनी इनोव्हा घेणारे पुष्कळ जण तिच्याकडे फारसे लक्ष द्यावे लागत नाही, असे गृहीत धरतात. मला हा समज सर्वांत घातक वाटतो. या गाडीत सोसण्याची ताकद खरोखरच आहे, पण त्यामुळेच दुर्लक्षाचे परिणाम उशिरा दिसतात, आणि दिसतात तेव्हा खर्च मोठा झालेला असतो. पुढील सूचना मुख्यतः 2.5 लिटर डिझेल इंजिनाच्या गाडीसाठी आहेत.

गाडी घेताना किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. या गाड्या मोठ्या संख्येने टुरिस्ट व्यवसायात धावल्या आहेत आणि मीटर मागे फिरवलेला असणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांचे रबर, स्टीअरिंगची झिजलेली कड, चालकाच्या सीटची दबलेली बाजू यांवरून खरा वापर बऱ्यापैकी कळतो. गाडी पूर्वी व्यावसायिक परवान्यावर होती का, ते आरसीच्या नोंदीवरून तपासावे. सर्व्हिसची बिले क्रमाने दाखवू शकणाऱ्या मालकाची जास्त चाललेली गाडी मी कागद नसलेल्या कमी चाललेल्या गाडीपेक्षा केव्हाही पसंत करीन.

इंजिनाच्या बाबतीत पहिला प्रश्न टायमिंग बेल्टचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचा. पेट्रोल इनोव्हाला साखळी आहे, डिझेलला मात्र रबरी पट्टा आहे, आणि तो चालत्या इंजिनात तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. मालकाच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतराला पट्टा बदलावाच, परंतु गाडी कमी चालत असली तरी रबर वयानेही कडक होते, हे लक्षात ठेवावे. पट्टा बदलण्याची आठवण देणारा मीटरवरचा टी-बेल्टचा दिवा पट्टा न बदलताही रीसेट करता येतो. त्यामुळे दिवा बंद आहे म्हणून निश्चिंत राहू नये. बदलल्याचे बिल नसेल तर पट्टा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर दोन्ही नवे बसवून तिथूनच हिशेब सुरू करावा.

दुसरा प्रश्न इंजेक्टरांचा, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांचा आहे. प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचे वॉशर असते आणि ते ज्वलनाचा वायू वर येऊ देत नाही. हे वॉशर गळू लागले की काजळी टॅपेट कव्हरखालच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालच्या) ऑइलमध्ये मिसळते, ऑइल दाट होत जाते आणि त्याचा गाळ चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) ऑइल पंपाच्या जाळीवर साचतो. जाळी तुंबली की वर ऑइल पुरेसे पोहोचत नाही आणि बेअरिंग, टर्बो आणि शेवटी संपूर्ण इंजिन धोक्यात येते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना ऑइल प्रेशरचा दिवा विझायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर गाडी तशीच चालवत राहू नये; चेंबर उतरवून जाळी पाहावी. थंड इंजिनाचा ठोका वाढला असेल किंवा उभ्या गाडीत इंजिन थरथरत असेल, तर मेकॅनिककडून स्कॅनरवर चारही सिलिंडरचे इंजेक्टर करेक्शन, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरच्या डिझेलमध्ये संगणक किती कमीजास्त करतो तो आकडा, पाहून घ्यावे. एकाच सिलिंडरचा आकडा इतरांपासून दूर गेला असेल तर दोष बहुधा तिथेच असतो. इंजेक्टर कोणत्याही कारणाने काढला तरी जुने वॉशर पुन्हा बसवू देऊ नये. वॉशर किरकोळ किमतीचे असते, इंजिनाचे काम नव्हे.

ऑइल आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदलावेत आणि फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी काढत जावे, विशेषतः पावसाळ्यात. कूलंट कंपनीने सांगितलेल्या गुलाबी प्रकारचेच असावे. त्यात हिरवे कूलंट किंवा नळाचे पाणी मिसळू नये. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला अनेक गॅरेजांत मिळतो. तो मानू नये, कारण त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही आणि मूळ दोषही तसाच राहतो. तापण्याचे कारण बहुतेक वेळा जुना रेडिएटर, त्याच्या प्लास्टिकच्या टाकीला गेलेली बारीक चीर किंवा फुगलेला होज हे असते.

चालण्याच्या भागांत पुढच्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटकडे, म्हणजे चाक खालच्या दांड्याला जोडणाऱ्या सांध्याकडे, जास्तीत जास्त लक्ष द्यावे, कारण तो निखळला तर चाक तिरपे होऊन गाडी आवरत नाही. चाक जॅकवर उचलून, टायरखाली पहार घालून वर दाबून पाहावे. सांध्यात खेळ दिसला किंवा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलेले असले, तर पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नये. ही गाडी मागच्या चाकांवर चालते. म्हणून इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्यांना) ग्रीस आणि मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलला ऑइल हवे, आणि नेमके हेच साध्या सर्व्हिसमध्ये राहून जाते. गिअर टाकताना खालून ‘टक’ असा आवाज येत असेल, तर आधी क्रॉस तपासावेत. मागच्या सीटवरचा एसी कमी पडत असेल, तर नुसता गॅस भरून घेऊ नये; मागे जाणारे पाइप आणि मागची कूलिंग कॉइल गळतीसाठी तपासून घ्यावी.

कोकणात आणि गोव्यात वापरलेल्या गाडीत सर्वांत आधी चॅसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, पाहावी. इनोव्हाची बॉडी शिडीसारख्या चॅसिसवर बसवलेली असते. दरवाजा किंवा फेंडर गंजला तर बदलता येतो, चॅसिसचे तसे नाही. गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या चाकांजवळच्या भागावर आणि सस्पेन्शन जिथे बसवलेले असते तिथे हातोडीने हलके ठोकावे. भरीव धातूचा खणखणीत आवाज यायला हवा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटू लागले, तर ती गाडी घेऊ नये. गंजावरच काळे अंडरकोटिंग मारलेले असेल तर आतला गंज झाकला जातो आणि वाढतच राहतो. आपली गाडी असेल तर पावसाळा संपल्यावर खालून गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, गंज खरवडून मगच कोटिंग करावे.

कागदपत्रांच्या बाबतीत, खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून घेऊन ती एका वेळी 5 वर्षांसाठी वाढवता येते. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. दिल्लीत 10 वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या इनोव्हा स्वस्तात विकायला निघाल्या. अशी गाडी घेताना तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि इथे भरावा लागणारा रोड टॅक्स यांचा हिशेब केल्याशिवाय सौदा पक्का करू नये.

क्लच, टर्बो, इंजेक्टर किंवा अगदी अर्धे इंजिन उघडून करण्याचे काम यांच्यावरचा खर्च चॅसिस चांगली असेल तर मला योग्य वाटतो, कारण तितक्याच पैशांत इतक्या माणसांना घेऊन घाट चढणारी दुसरी गाडी मिळणे अवघड आहे. चॅसिस कुजली असेल, तर मात्र इंजिन कितीही ठणठणीत असले तरी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी, तिथून ठेव प्रमाणपत्र (गाडी केंद्रात जमा केल्याचा दाखला) घ्यावे आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करून घ्यावी.