पात्याचा उतार काढताना मनगट विसरा

सुरीच्या पात्याचा उतार, म्हणजे पाठीकडून धारेकडे पातळ होत जाणारी बाजू, काढायला पट्टा ग्राइंडरपुढे (फिरत्या खरखरीत पट्ट्यावर पोलाद घासायचं मशीन) पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला जो तो सांगतो, ‘करत राहा, हात बसेल.’ हात बसतो खरा, पण चुकीचा बसला तर तो मोडायला दुप्पट पोलाद जातं. माझं गेलं. आजही एका डब्यात माझी तेरा-चौदा पाती पडून आहेत, सगळी एकाच जागी खचलेली: मुठीपासून बोटभर पुढे.

पहिली पाच-सहा पाती साध्या माइल्ड स्टीलची करा. त्यांची धार टिकणार नाही, पण इथे धार शिकायचीच नाहीये. आकार कापा, कडा सारख्या करा. चष्मा आणि बारीक धुळीचा मास्क लावा. हातमोजे मात्र नकोत. पट्ट्यात धागा अडकला तर बोटही सोबत जातं, शिवाय पातं किती तापलंय हे उघड्या बोटांनाच कळतं.

जिथे धार येणार त्या कडेला मार्कर फासा आणि मधोमध रेघ ओढा. पात्याच्या जाडीचंच ड्रिल बिट सपाट फरशीवर आडवं ठेवून त्याच्या टोकाने ओरखडा काढा, पातं उलटवून पुन्हा काढा. दोन रेघा आल्या तर उत्तम, मध्य त्यांच्या बरोबर मध्ये. पाणी द्यायच्या (पातं तापवून, विझवून कडक करायच्या) आधी कडेला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडी राहू द्या. त्याहून पातळ केलंत तर तापवून विझवताना पातं वाकतं किंवा तडकतं.

आता झिजलेला पट्टा चढवा आणि दोन्ही बाजूंचे कोपरे रेघेपर्यंत 45 अंशांत उडवा. ही पायरी गाळणारे पुष्कळ आहेत. नव्या पट्ट्यावर चौकोनी कोपरा टेकवला की पट्ट्यावरचे खरखरीत कणच खरवडून निघतात, आणि मग ‘पट्टे टिकत नाहीत’ म्हणून रडायचं.

खरी गोची यापुढे. 36 किंवा 60 नंबरचा नवा पट्टा (नंबर जितका लहान तितका पट्टा खरखरीत), धार वरच्या बाजूला, पाठ खाली. मी वर्षभर मनगटाने कोन सांभाळत होतो. मनगट सरकतं, तुम्हाला कळत नाही, पोलादाला कळतं. एका सपाट उतारावर तीन-तीन पैलू दिसतात, आणि ते घालवायला पुन्हा घासलं की पातं पातळ होतं.

कोपरं बरगड्यांना चिकटवा, मनगटं लाकडी समजा, आणि मुठीकडून टोकाकडे जाताना अंगच एका पायावरून दुसऱ्या पायावर न्या. आधी मशीन बंद ठेवून दहा वेळा करून बघा. हास्यास्पद दिसतं, दिसू द्या.

मुठीजवळ पट्ट्याला आधी टेकवून मग सरकायला लागलात तर त्या क्षणभराच्या थांब्यात खड्डा पडतो. डब्यातली ती पाती अशीच गेली. अंग आधी हलायला हवं, पातं चालतं असतानाच पट्ट्याला लागावं. टोकाकडे उलटं: टोक पट्ट्याच्या मध्यावर आलं की उचला. पार बाहेरपर्यंत ओढलंत तर टोक गोल होतं.

दाब कुठे द्यायचा हेही कुणी नीट सांगत नाही. उतार पाठीकडे चढवायचा असेल तर अंगठ्याचा दाब पाठीच्या बाजूला, धारेची बाजू पातळ करायची असेल तर धारेकडे. कोन बदलू नका, दाबाची जागा बदला. एका बाजूला तीन-चार फेऱ्या झाल्या की दुसरी बाजू घ्या. एक बाजू आधी पूर्ण करून टाकली की मध्य हुकलाच म्हणून समजा. उजवा-डावा उतार सारखा येत नाही, कारण एक हात नेहमी आडमुठा असतो. त्या बाजूपासून सुरुवात करा, डोकं ताजं असताना.

पुढे 120, मग 220. प्रत्येक नंबरला आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत घासत राहा.

पाणी दिल्यानंतरचं घासणं वेगळं. प्रत्येक फेरीनंतर पातं पाण्यात बुडवा, पट्टा ताजा ठेवा. कडेला निळी झाक दिसली तर तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. ती झाक पॉलिशने निघते, मऊ पडलेली धार मात्र परत कडक होत नाही. निळं झालेलं तेवढं घासून काढा आणि सुरी दोन मिलिमीटर अरुंद होऊ द्या.