मित्रमंडळींसोबत चित्रं पाहायला जाताय? या चुका टाळा

मुंबईत काळा घोडा भागातल्या कलादालनांत आम्ही मैत्रिणी वर्षातून दोन-तीनदा चित्रं पाहायला जातो. पहिल्या काही खेपांना घरी पोचल्यावर पाय तेवढे दुखायचे, चित्र एकही धड आठवायचं नाही. आता नेमक्या कुठल्या चुका होतात ते कळलंय.

पहिली चूक घरातूनच होते. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, आणि एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावायचं काम चालू असेल तर इतर दिवशीही दार बंद मिळतं. जहांगीर कलादालनातली प्रदर्शनं साधारण आठवड्याला बदलतात, त्यामुळे मैत्रिणीने मागच्या रविवारी पाहिलेलं प्रदर्शन आज असेलच असं नाही. निघण्याआधी एक फोन करा.

दुसरी चूक म्हणजे सगळंच पाहायचा हट्ट. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय 1922 साली लोकांसाठी खुलं झालं. मूर्ती, शस्त्रं, चिनी मातीची भांडी, भुसा भरलेले प्राणी असं सगळं तिथे आहे. एका दिवसात ते नुसतं ओलांडून होतं. त्यापेक्षा एक दालन ठरवा. मी लघुचित्रांचं, म्हणजे कागदावरच्या छोट्या, बारीक कामाच्या जुन्या चित्रांचं सुचवेन.

पण या दालनात हमखास एक तक्रार ऐकू येते, ‘इथे काही दिसतच नाहीये!’ दिवे मुद्दाम मंद ठेवलेले असतात. कागदावरचे रंग उजेडाने उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही, म्हणून अशा चित्रांवर जगभर साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) इतकाच प्रकाश ठेवतात. फ्लॅशला मनाई असते तीही याच काळजीपोटी. उन्हातून आत आल्या आल्या चित्रापुढे उभं राहू नका. पाच-सात मिनिटं बसा, डोळे सरावू द्या. काचेत आपलाच चेहरा दिसत असेल तर एक पाऊल बाजूला सरका. गडद कपडे घातले असतील तर प्रतिबिंब आणखी कमी पडतं. मग जरा गुडघ्यात वाका आणि तिरक्या नजरेने बघा. समोरून नुसतं पिवळट दिसणारं चित्रातलं सोनं त्या कोनातून एकदम लखलखतं. बसोहली शैलीचं (जम्मूकडच्या बसोहली गावच्या शैलीचं) चित्र समोर आलं तर दागिन्यांतले पाचू शोधा. ती चमक रंगाची नसते, कागदावर चिकटवलेले भुंग्याच्या पंखांचे बारीक तुकडे असतात. ही चित्रं हातात धरून पाहण्यासाठी केलेली, त्यामुळे दोन हात लांबून त्यांतलं काहीच कळत नाही. जवळ जा, फक्त बोट काचेला लावू नका.

आणि सगळ्यात मोठी चूक, घोळक्याने चालणं. एकजण माहितीची पाटी मोठ्याने वाचतो, बाकीचे मान डोलावतात, पाटी संपली की सगळे पुढे. चित्राकडे कोणी पाहिलेलंच नसतं. आम्ही आता दालनात शिरलो की पांगतो. वीस मिनिटं ज्याने त्याने एकट्याने फिरायचं, बोलायचं नाही, पाट्या शेवटी वाचायच्या. मग बाकावर जमायचं आणि प्रत्येकाने बाकीच्यांना आपल्या आवडीच्या एकाच चित्रापाशी न्यायचं. ‘मला चित्रांतलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीने आम्हाला एका पावसाच्या चित्रापुढे उभं केलं. काळ्या ढगांपुढून बगळ्यांची रांग चाललेली. मी त्या चित्रासमोरून दोनदा गेले होते, बगळे मला दिसलेच नव्हते.

जहांगीरमध्ये अडचण वेगळी. 1952 साली सुरू झालेल्या या कलादालनात प्रवेश मोफत आहे, आणि बरेचदा चित्रकार स्वतः तिथेच बसलेले असतात. लोक संकोचाने नजर चुकवून निघून जातात, फार वाईट वाटतं. चित्रकार आठवडाभर तिथे बसतो तो कुणीतरी दोन शब्द बोलावं म्हणूनच. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारू नका, त्याने समोरचा अवघडतो. ‘हे कुठून सुरू केलंत?’ असं विचारा, बघा किती मोकळेपणाने बोलतात. किंमत विचारण्यातही काही गैर नाही.

राहता राहिली पोटाची आणि पायांची गोष्ट. जेवून जा, रिकाम्या पोटी तासाभरात चिडचिड सुरू होते. पाठीवरची सॅक जमा करा, वळताना तिचा धक्का कशाला लागतोय ते कळत नाही. आधुनिक कला संग्रहालयात घुमटाखालच्या दालनापर्यंत पोचायला बरेच जिने आहेत, सोबत कुणाचे गुडघे दुखत असतील तर ते आधी सांगून ठेवा.

परतताना लोकलमध्ये मी तिकिटाच्या पाठीवर एकाच चित्राचं नाव आणि दालन लिहून ठेवते. पुढच्या खेपेची सुरुवात त्याच चित्रापासून करते.