नऊ जोड्यांचं वलय आणि कृष्णेचा गाळ

सांगलीत एमएस्सी करणारी मुलं मला हमखास विचारतात, "आपल्या कॉलेजात क्रायो-ईएम (गोठवलेल्या प्रथिनांची रचना दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नाही, मग प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांवर काम कसं करायचं?" सुरुवातीला ते लागतच नाही. लॅपटॉप आणि चिखल पुरतो.

प्रोटीन डेटा बँक या प्रथिन-रचनांच्या खुल्या संग्रहातून १केझेडयू (1KZU) ही फाइल घ्या. कायमेरा-एक्स हे रेणू बघायचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट आहे, त्यात उघडा. फाइलमध्ये वलयाचा एक तृतीयांश भागच असतो, म्हणून पूर्ण 'बायोलॉजिकल असेंब्ली' निवडा. ग्लासगोच्या गटाने १९९५ मध्ये उलगडलेलं एलएच-२, म्हणजे जांभळ्या बॅक्टेरियांचं प्रकाश टिपणारं प्रथिन, समोर येईल: अल्फा आणि बीटा या प्रथिन-साखळ्यांच्या नऊ जोड्यांचं वलय आणि त्यात बॅक्टेरिओक्लोरोफिल या रंगद्रव्याचे २७ रेणू. त्यातले १८ एकमेकांना खेटून उभे, मॅग्नेशियमपासून मॅग्नेशियम साधारण ९ अँगस्ट्रॉमवर (१ अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). उरलेले ९ आडवे, एकमेकांपासून २१ अँगस्ट्रॉम लांब. ही अंतरं स्वतः मोजा, चित्र बघून सोडू नका. सगळी गंमत त्यातच आहे. हाच रेणू द्रावणात सुटा असला की ७७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, आडवे ९ मात्र ८०० ला आणि खेटलेले १८ थेट ८५० ला. शेजाऱ्यांशी झालेली जोडणी हे मोठं कारण, शिवाय अल्फा साखळीतल्या टायरोसिन ४४ आणि ट्रिप्टोफॅन ४५ या अमिनो आम्लांचे हायड्रोजन बंध. ८०० कडून ८५० कडे ऊर्जा सुमारे एका पिकोसेकंदात (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात) उतरते.

आता चिखल, कारण हे जांभळे बॅक्टेरिया त्यातच सापडतात. कृष्णेकाठचा गाळ, सक्सिनेट आणि क्षार घातलेलं माध्यम, काठोकाठ भरून घट्ट बंद केलेली काचेची बाटली. दिवा मात्र जुना, तारेचा पिवळा बल्बच हवा. पांढऱ्या एलईडीत ८०० च्या पुढचा प्रकाश जवळपास नसतो. बाटली लालसर झाली की त्या पेशी साखरेच्या दाट द्रावणात कालवा (साखरेला आपल्याकडे काय तोटा!), म्हणजे प्रकाश कमी विखुरतो. मग ११०० नॅनोमीटरपर्यंत जाणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला जातो त्याचा आलेख काढा. ८०० आणि ८५० ची जोडशिखरं दिसली तर एलएच-२ आहे. मोठं शिखर ८८० जवळ एकच आलं तरी हिरमुसू नका, रोडोस्पिरिलम रुब्रमसारख्या जातींत एलएच-२ नसतंच, फक्त एलएच-१ हे त्याचं भावंड असतं.

भारतीय विज्ञान अकादमीच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज करताना "मला संशोधनाची आवड आहे" हे वाक्य खोडा आणि तिथे हा आलेख कसा काढला ते लिहा. तोवर १९९६ ची १एलजीएच (1LGH) ही दुसऱ्या एलएच-२ ची फाइल उघडून ठेवा. त्या वलयात जोड्या आठच आहेत. मुलाखतीत त्यावर बोलता आलं, तर समोरचे गुणपत्रिका बाजूला ठेवून ऐकतात.