वर्गमूळ, शेकडेवारी आणि आसन्न किंमत: आकडा कुठे कापावा?

वर्गमूळ, शेकडेवारी आणि आसन्न किंमत (ठरावीक दशांश स्थळापर्यंत घेतलेली जवळची किंमत) हे घटक शाळेत वेगवेगळे शिकवले जात असले, तरी उदाहरणात ते बहुधा एकत्रच येतात. आणि उत्तर चुकते ते सूत्र येत नाही म्हणून कमी, आकडा नको तेथे कापला म्हणून जास्त.

कोल्हापूर परिसरात जागेचा व्यवहार आजही गुंठ्यावर बोलला जातो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एवढ्या चौरसाकृती प्लॉटची बाजू काढताना १,०८९ चे मूळ अवयव ३ × ३ × ११ × ११ असे पाडावेत आणि प्रत्येक जोडीतील एकेक अवयव घेऊन गुणाकार करावा; बाजू ३३ फूट येते.

दोन गुंठ्यांचे २,१७८ चौरस फूट मात्र पूर्ण वर्ग नाहीत. अशा वेळी उत्तर कोणत्या दोन संख्यांच्या मध्ये आहे हे आधी पाहावे. ४६ चा वर्ग २,११६ आणि ४७ चा २,२०९, म्हणजे बाजू ४६ फुटांहून जास्त आणि ४७ हून कमी. २,१७८ मधून २,११६ वजा केल्यावर उरणाऱ्या ६२ ला ४६ च्या दुपटीने, म्हणजे ९२ ने भागावे. भागाकार सुमारे ०.६७ येतो, म्हणून बाजू सुमारे ४६.६७ फूट. ही रीत नेमक्या उत्तरापेक्षा किंचित जास्त उत्तर देते, पण दोन दशांश स्थळांपर्यंत येथे फरक पडत नाही.

हेच उत्तर ३३ ला २ च्या वर्गमूळाने गुणूनही मिळते. १.४१४ घेतल्यास ४६.६६ येतात. घाईने १.४ घेतल्यास ४६.२ येतात, ज्यांचा वर्ग २,१३४.४४ आहे, म्हणजे सुमारे ४४ चौरस फूट जागा कागदावरच गडप होते. म्हणून आसन्न किंमत शेवटच्या पायरीवर आणि एकदाच काढावी. ४६.४४९ चे आधी ४६.४५ आणि मग ४६.५ करणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात. एका दशांश स्थळापर्यंतचे बरोबर उत्तर ४६.४ आहे, कारण पाहायचा अंक फक्त लगतचा, म्हणजे ४.

शेकडेवारीत आधी सोपा टक्का शोधावा. ७,३५० किलो उसाला ११.८ टक्के उतारा (उसाच्या वजनाच्या प्रमाणात निघणारी साखर) धरल्यास साखर किती? १२ टक्के म्हणजे ८८२ किलो, ०.२ टक्के म्हणजे १४.७ किलो, वजाबाकी ८६७.३ किलो. उलट्या उदाहरणात मात्र सावध राहावे. कोल्हापूरच्या चप्पल लाईन या बाजारात २० टक्के सूट मिळून चप्पल १,२०० रुपयांना पडली, तर मूळ किंमत १,२०० मध्ये २० टक्के मिळवून येणारी १,४४० नव्हे. १,२०० हे मूळ किमतीचे ८० टक्के आहेत, म्हणून १,२०० ला ८० ने भागून १०० ने गुणावे. उत्तर १,५०० रुपये.

बाजू १० टक्क्यांनी वाढली तर क्षेत्रफळ २० नव्हे, २१ टक्क्यांनी वाढते: ३३ फुटांचे ३६.३ फूट होतात आणि १,०८९ चौरस फुटांचे १,३१७.६९. उलट, क्षेत्रफळ दुप्पट, म्हणजे १०० टक्क्यांनी जास्त झाले, तरी बाजू जेमतेम ४१ टक्क्यांनी वाढते.